हिरवा सांगितला होता

आर्डिथ ग्रे रडत होती आणि रडता रडता थर्लो बॅसनाइटचे आभार मानत होती. कशाबद्दल, हे थर्लोला कळेना. तो पुरता हबकला. मासेमारीचा रॉड बघायला आलेली माणसं तो वाकवून बघतात, मूठ दाबून बघतात आणि काही नाही तरी जाताना एकदा नाक मुरडतात. बावन्न वर्षांच्या धंद्यात रॉड उराशी धरून रडलेलं माणूस त्याने पाहिलं नव्हतं.

"तू विसरला नाहीस, थर्लो," ती म्हणाली. "अख्खं गाव विसरलं. तू नाही विसरलास."

काय विसरलो नाही, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

हॅरोज क्रीकमध्ये थर्लोला ओळखत नाही असं पोर सापडणार नाही. एकाहत्तर वर्षांचा, काटकुळा, तोंडाचा फटकळ. घरामागच्या शेडमध्ये बसून तो खोल समुद्रातल्या मासेमारीचे रॉड बांधतो. पन्नास मैल आत जाऊन ट्यूना धरणाऱ्या कप्तानांना तो सांगायचा, दुकानातला तयार रॉड टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून उत्तम. ज्याचा रॉड त्याच्या हाताच्या मापाने, त्याच्या उंचीच्या हिशेबाने. कोपरापासून बोटांपर्यंतचं माप घेतल्याशिवाय तो कुणाला रॉड द्यायचा नाही, मग तो कप्तान असो की पाद्री.

त्याच्या शेडचा एक नियम होता. प्रत्येक बोटीच्या रॉडवर दोर ओवायच्या कड्या बांधायला दोन ठरलेल्या रंगांचा दोरा. बंदरावर लांबून पाहिलं तरी कळावं, हा रॉड कुणाचा. आणि एखादी बोट माणसांसकट बुडाली की तिची जोडी संपली. ते दोन रंग एकत्र पुन्हा कुठल्याच रॉडवर चढायचे नाहीत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. थर्लोने सुरू केलं आणि गावाने मान्य केलं. निळा आणि चंदेरी ही जोडी नऊ वर्षांपूर्वी संपली, कारण त्या मार्चमध्ये 'कॅरी डॉन' ही बोट गेली आणि तिच्याबरोबर आर्डिथचा नवरा एलवुड गेला. त्याचं प्रेतही हाती लागलं नाही.

एलवुडची मुलगी नीव्हा आता अठ्ठावीस वर्षांची. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर राबून तिने एक जुनी बोट घेतली होती आणि या फेब्रुवारीत स्वतः कप्तान म्हणून ती पहिल्यांदा बाहेर पडणार होती. जानेवारीच्या सुरुवातीला ती रॉडचं सामान ठरवायला आली, तेव्हा थर्लोने तिला स्टुलावर बसवलं आणि नेहमीसारखी उलटतपासणी सुरू केली.

"लांबी?"

"सहा फूट, मिस्टर थर्लो."

"सहा फूट कशाला? कपडे वाळत घालायचेत? उभं राहून मासा ओढायचा तर साडेपाच पुरे. लांब रॉड माशाच्या बाजूने भांडतो, पोरी, तुझ्या बाजूने नाही."

"बरं, साडेपाच. आणि चाकं. बाबांच्या रॉडला कड्यांच्या जागी चाकं होती."

"तुझा बाप नायलॉनचा जाडजूड तंगूस वापरायचा. तू हा नवा विणलेला दोर वापरणार, शिवणाच्या दोऱ्याएवढा. तो चाकाच्या फटीत घुसला की मासा गेला, दोर गेला आणि तू बसलीस शिव्या देत. तुला कड्या. आतून सिरॅमिकचं अस्तर असलेल्या. नऊ कड्या."

"दहा बसवा की. एक जास्त असली तर बिघडतं कुठे?"

"वजनाने बिघडतं. बापासारखीच हट्टी आहेस. नऊ."

मग त्याने रॉडसाठी एक कोरी कांडी निवडली. टोक जमिनीला टेकवलं आणि मधोमध तळहाताने दाबून ती हळूहळू फिरवली. एका जागी कांडी आपणहून टुणकन वळली. तिथे त्याने खडूने रेघ ओढली. कांडीचा कणा तो. कड्या त्या रेषेपासून बाजूला बांधल्या तर मोठा मासा लागल्यावर रॉड हातात पिळतो. बूड ॲल्युमिनियमचं, खाली खाच, म्हणजे ते कमरेच्या पट्ट्यातल्या खिळीवर घट्ट बसेल. मूठ नेहमीपेक्षा बारीक, कारण नीव्हाचा पंजा लहान होता. ती म्हणाली लहान नाही, तो म्हणाला माप खोटं बोलत नाही.

"आणि रंग?"

नखाने स्टुलाचं लाकूड खरवडत पोरगी म्हणाली, "गडद हिरवा आणि चंदेरी. निळा कुठे नको हं, मिस्टर थर्लो. एक रेघसुद्धा नको. नऊ वर्षांत आई बंदराकडे फिरकलेली नाही. मी बोट घेतली म्हणून दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती. आता कुठे म्हणतेय, निघण्याआधी रॉड बघायला येते. ती जा म्हणाली तरच मी जाणार. तसं वचन दिलंय तिला."

"मला शिकवू नकोस," थर्लो म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं होतं. सीझन संपला की बघू, असं थर्लोने उत्तर दिलं. थर्लोचा सीझन संपत नाही. हिवाळ्यात मोठा ट्यूना, उन्हाळ्यात दुसरं काहीतरी. त्याने टेबलावर आणखी दोन दिवे बसवले आणि डॉक्टरचा विषय डोक्यातून काढून टाकला. पांढरं चहासारखं दिसायला लागलं, तर म्हणाला बल्ब वाईट आहेत. दोऱ्याची रिळं तो रंगाने नाही, जागेने ओळखायला लागला. भिंतीवरचा तिसरा खिळा हिरव्याचा, चौथा निळ्याचा. निळं गावात चालायचंच, पांढऱ्याबरोबर, लालबरोबर. फक्त चंदेरीबरोबर नाही. आणि जानेवारीत एका दुपारी कोपर लागून ती सगळी रांग खाली पडली. त्याने रिळं गोळा केली आणि डोळ्यांनी बघून परत लावली. हा आडमुठेपणा दुसऱ्या कुणी केला असता तर थर्लोने त्याला शेडमधून हाकललं असतं.

तर आज सकाळी मायलेकी आल्या. आर्डिथने अंजिराचा केक आणला होता. काळा कोट, ओठ घट्ट मिटलेले, नाही म्हणायला आलेल्या बाईसारखी उभी. थर्लोने फडक्यातून रॉड काढून टेबलावर ठेवला. आधी नीव्हाने पाहिला आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती ओरडणार होती, पण तेवढ्यात आईने हात पुढे केला. एकेका कडीवरून तिने बोट फिरवलं आणि मग रॉड उचलून उराशी धरला.

"मी आज नाही म्हणायला आले होते," आर्डिथ म्हणाली. "शपथेवर सांगते. हिला जाऊ द्यायचं नाही, हे घरून ठरवून आले होते. आता जाऊ दे तिला. तिचा बाप आहे बरोबर."

थर्लोने रॉड तिच्या हातातून हळूच सोडवला आणि खिडकीपाशी नेला. उजेडात धरला. त्याला काळपट काहीतरी दिसलं आणि मधे फिकट रेघा. तीन आठवडे हेच दिसत होतं आणि तीन आठवडे तो याला हिरवा म्हणत होता.

नीव्हा त्याच्यामागे आली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, हा रंग कुठला गं?"

"चेष्टा करताय? मी हिरवा सांगितला होता. आईला न विचारता, मला न विचारता तुम्ही..." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मिस्टर थर्लो?"

त्याने रॉड खिडकीच्या कठड्यावर टेकवला. मेलेल्या बोटीचा रंग त्याने चढवला होता. नियम त्याचा आणि मोडला त्यानेच, तेही एलवुडच्या बायकोसमोर. आणि ती बाई मागे उभी राहून त्याला दुवा देत होती.

एक गोष्ट फार सोपी होती. गप्प राहायचं. मान खाली घालायची आणि एलवुड माझा दोस्त होता एवढंच म्हणायचं. खोटंही नव्हतं ते. आर्डिथला समाधान, पोरीला बोट, गावात थर्लोचं नाव, आणि त्याच्या डोळ्यांची गोष्ट त्याच्यापाशी. त्याने मान खाली घातलीसुद्धा. खाली घातली तेव्हा त्याची नजर कड्यांवर गेली. नऊ काळे ठिपके दिसले. रंग दिसला नाही, मग यांचं काय? प्रत्येक कडी भिंगाखाली धरून तपासायची त्याची पद्धत होती. सिरॅमिकला केसाएवढी चीर असली तरी दोर तिच्यावर घासून तुटतो. दोनशे किलोचा मासा ओढत असताना दोर तुटला की ओढणारा मागे फेकला जातो, आणि लहान बोटीवर मागे पाणीच असतं. त्याने या नऊ कड्या भिंगाखाली बघितल्या होत्या. पण काय बघितलं होतं?

"नीव्हा, तो कापूस दे," तो म्हणाला. "नाही, तूच घे. पीळ करून एकेका कडीतून ओढ. चारी बाजूंनी."

"आता कशाला?" आर्डिथ म्हणाली.

"ओढ म्हणतो ना!"

नीव्हाने टोकापासून सुरुवात केली. पहिली कडी, दुसरी, तिसरी. कापूस गुळगुळीत बाहेर आला. चौथ्या कडीत तो अडकला. तिने पुन्हा ओढला. कापसाचा बारीक तंतू कडीच्या आतल्या बाजूला चिकटून राहिला. तिने रॉड डोळ्यांजवळ नेला.

"चीर आहे," ती म्हणाली. "उभी. ढळढळीत दिसतेय की हो, मिस्टर थर्लो."

ढळढळीत दिसतेय. थर्लो स्टुलावर बसला.

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" आर्डिथने विचारलं.

"रिळं उलटसुलट झाली," तो म्हणाला. "मी हिरवा समजून निळा गुंडाळला. एलवुडसाठी नाही केलं ते, आर्डिथ. चूक झाली."

आर्डिथने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, सावकाश, आधी एक, मग दुसरा. थर्लोला वाटलं, आता ही केक उचलून तोंडावर मारणार, आणि मारावाच.

"नऊ वर्षांत पहिल्यांदा मी कुणासमोर रडले," ती म्हणाली. "नऊ वर्षांत, थर्लो. आणि तू म्हणतोस चूक झाली."

"हो."

"गप्प बसला असतास तर मला कळलंही नसतं."

"पोरगी हा रॉड घेऊन गेली असती."

आर्डिथ मुलीकडे वळली, मग त्या चौथ्या कडीकडे. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "चाकू कुठे असतो तुझा?" तिने विचारलं, आणि टेबलावरचा चाकू स्वतःच उचलून नीव्हाच्या हातात दिला. "काप."

"आई, बाबांचा रंग..."

"कळतंय मला कुणाचा रंग आहे. काप."

नीव्हाने कापला. दोरा तटतट तुटत गेला आणि निळी गुंडाळी थर्लोच्या बुटांवर पडत राहिली. एरवी आपला बांधलेला रॉड कुणी कापत असलं की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. आज तो बसूनच राहिला. आणि तिथे बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. हा एकच रॉड नव्हता. ऑक्टोबरपासून त्याने अकरा रॉड दिले होते. तेच डोळे, तेच भिंग. सीझन ऐन भरात होता आणि ते अकराही रॉड वापरात होते.

"आर्डिथ," तो म्हणाला. "टेलिफोनजवळ वही आहे. ऑक्टोबरपासूनची नावं वाच. आणि नंबर."

"तुझीच वही, तूच वाच की."

त्याने वहीकडे हात नेला नाही. ती तशीच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, आणि बहुधा तेव्हाच तिला सगळं उमगलं. तिने वही उघडली. कोरड्या आवाजात पहिलं नाव वाचलं, 'मिस इनेझ' बोटीचा डॉर्सी विलिस, आणि एकेक आकडा सांगत गेली. थर्लोने बोटांनी चाचपत नंबर फिरवला.

तिकडे इंजिनाचा आवाज होता. डॉर्सी धक्क्यावरच होता, निघायच्या तयारीत.

"कोण, थर्लो? शंभर वर्षं आयुष्य आहे तुला! तुझाच रॉड हातात आहे बघ माझ्या. काय बांधलायस लेका! परवा हा एवढा मासा..."

"डॉर्सी, तो खाली ठेव."

"काय?"

"माझा रॉड खाली ठेव. बोटीवर घेऊ नकोस."

"का रे बाबा? पैसे पोचले नाहीत का?" डॉर्सी खो खो हसला आणि मागच्या माणसाला काहीतरी सांगून पुन्हा हसला.

थर्लोने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मायलेकी त्याच्याकडे बघत होत्या.

"मला दिसत नाही, डॉर्सी," तो म्हणाला. "मला दिसत नाही रे."

तिकडचं हसणं थांबलं. मग इंजिनही बंद झालं.