बेहड्यावरची बाळंतीण

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला वाईट खोड आहे, आणि निवृत्त झाल्यापासून तर तिला ऊत आलाय. मुलुंडला आमच्या वसाहतीमागे, जंगलाच्या कडेला एक रोपवाटिका आहे. तिथे रोज सकाळी फिरायला जातो. शकुताई तिथे झाडलोट करतात. वय पन्नाशीच्या पुढे, मूळ गाव जालन्याकडचं, लग्न होऊन आल्या देवनारला. त्यांचा झाडू फिरला की पायवाटेवर पान सापडायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला गप्प बसू देईना. सगळा पालापाचोळा खताच्या खड्ड्यात जायचा, पण एका अर्धवट वठलेल्या बेहड्याखालचा कचरा त्या वेगळ्या घमेल्यात भरून पाण्याच्या टाकीमागे नेऊन टाकायच्या. चार दिवस दम धरला. पाचव्या दिवशी विचारलंच.

"वास मारतो त्याला," शकुताई म्हणाल्या. "वर बाळंतीण बसलीय ना, तिचं सगळं खाली पडतं."

मी वर बघितलं. जंगलाच्या बाजूला, दोन मजले उंचीवर खोडाला लिंपल्यासारखा एक डाग होता. बाकी काही नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. धनेश पक्ष्याची मादी ढोलीत शिरते आणि आतून स्वतःच दार लिंपून घेते. उरते ती बोटभर फट. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो, पिल्लं निघाली की त्यांनाही. तो आला नाही तर सगळे उपाशी. "नवरा चांगलाय," त्या म्हणाल्या. "दिवसातनं वीस खेपा घालतो, पण कुरकुर नाही." त्यानंतर मीही ताटकळत उभा राहून त्याची वाट बघू लागलो. माणसं असली की तो फिरकत नसे. त्याला दुरून, टाकीच्या आडून बघावं लागे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बेहड्यावर लाल रंगात आकडा पडला. पावसाआधी तोडायच्या धोकादायक झाडांचा तो आकडा. दोनच दिवसांनी दोर आणि करवत घेऊन माणसं हजर. सोबत वनरक्षक अक्षता मॅडम, नव्यानेच बदलून आलेल्या, आणि मुकादम राजाराम.

शकुताई झाडू टाकून झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "नाही तोडायचं. वर बाळंतीण आहे."

राजाराम मालवणकडचा. त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मी सांगलंय ना, झाड बरां नाय," तो पुटपुटला. "लवकर काय तां करून टाका."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "बाळंतीण म्हणजे?"

आणि घोळ बाहेर आला. शकुताईंनी महिन्यापूर्वीच राजारामला सांगितलं होतं, बेहड्यावर बाळंतीण आहे म्हणून. त्यांना म्हणायचा होता पक्षी. पण राजारामच्या गावाकडे झाडावरची बाळंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई, हडळ. आणि बेहडा तर भुताखेतांचं ठरलेलं घर. बिचारा महिनाभर त्या झाडाला लांबून वळसा घालून जात होता. शेवटी धोकादायक झाडांच्या यादीत ते त्यानेच घातलं होतं. करवतवाले हसले. मीही हसलो असतो, पण शकुताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्याच शब्दानं घात केला, हे त्यांना कळलं होतं.

"पक्षी असेल तर प्रश्नच नाही, तोड थांबेल," मॅडम म्हणाल्या. "पण नुसत्या सांगण्यावर नाही थांबवता येणार, ती ढोली जुनीही असू शकते. चालू घरटं असेल तर खाली विष्ठा, बिया, काहीतरी पडलेलं दिसेल ना?"

सगळ्यांनी खाली बघितलं. जमीन लख्ख होती. शकुताईंनी तासाभरापूर्वीच झाडून काढली होती. एवढ्या गर्दीत नरही येणार नव्हता. त्या क्षणी मला त्यांच्या स्वच्छतेचा मनापासून राग आला.

"घमेलं!" मी ओरडलो. "शकुताई, टाकीमागे!"

सगळे टाकीमागे गेलो. सकाळचा ढीग वरच होता: ओल्या विष्ठेत चिकटलेल्या करवंदाच्या बिया, जांभळाच्या आठोळ्या, एक राखाडी पीस. मॅडमनी काडीने उकरून बघितलं. पण त्यांची नजर ढिगाच्या पलीकडे गेली. तिथे दाटीवाटीनं रोपं उगवली होती. काही वीतभर, काही कमरेएवढी, दोन-तीन तर माझ्या डोक्यावर गेलेली. जांभूळ, करवंद, कडुनिंब.

"ही कुणी लावली?"

"कुणी नाही," शकुताई म्हणाल्या. "दर वर्षी इथंच टाकते मी."

राजाराम जांभळाच्या एका रोपापाशी खाली बसला. रोपवाटिकेत जांभळाचं बी धरत नाही म्हणून तो तीन वर्षं रडत होता. "गो शकु," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत माका दाखवलंस नाय?"

"तू ह्या कचऱ्याच्या बाजूला कधी येत होतास का?"

मॅडम उठल्या. "किती दिवस लागतील तिला?"

"सव्वा महिना द्या, मॅडम. बाळंतिणीला तेवढा देतातच ना."

मॅडमनी दिला. करवत परत गेली आणि पायवाट झाडापासून लांबून वळवली. जूनच्या मध्यावर एका सकाळी लिंपण फुटलेलं दिसलं. मादी बाहेर फांदीवर बसली होती, पिसं विस्कटलेली, मान आखडलेली. आठवड्याभरात दोन पिल्लंही उडाली. लाल आकडा राजारामनंच खरवडून काढला होता.

लिंपण फुटलं त्या सकाळी खाली पडलेले तुकडे शकुताईंनी झाडले नाहीत. झाडू टेकवून त्या वर बघत उभ्या होत्या. माझी खोड जाते कुठे? मी विचारलं, "शकुताई, त्या दिवशी करवतीपुढे उभ्या राहिलात. भीती नाही वाटली?"

"वाटली ना, काका," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोरीच्या वेळी बाराव्या दिवशी झाडू हातात घ्यावा लागला होता मला. पोरगी घरी रडत होती आणि मी देवनारला रस्ता झाडत होते." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हटलं, हिला तरी कुणी उठवायला नको."