उतरल्यावरचा वेळ

परभणीच्या वाहतूक कार्यालयात मी दंड भरायला गेलो होतो. माझ्यापुढे एक रिक्षावाला भांडत होता, तेही हसतमुखानं.

"साहेब, गाडी लावली नव्हती. मावशीला उतरवायलो होतो."

साहेबांनी फोटो दाखवला. "त्या उतरल्या, तरी गाडी उभीच!"

झरीच्या त्या म्हाताऱ्या मावशीला त्यानं सोबतच आणलं होतं. "मावशी, उतरल्यावर काय केलं ते दाखवा साहेबाला."

मावशीनं साहेबांच्या गालांवरून हात फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लय मोठा हो लेकरा." साहेब टोपी काढून वाकले, ते वाकलेलेच राहिले. रांग खोळंबली.

रिक्षावाला हळूच म्हणाला, "आता तुमी कामून थांबलात, साहेब?"

सगळे हसले, साहेबही. दंड रद्द झाला. मावशी तोवर माझ्याकडे वळली होती. मीही वाकलो.