दुसऱ्या फाइलीतली दुरुस्ती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. सांगायला लागलो की दुसरंच सांगतो — घरातला मी पहिला पदवीधर, कॉलेजातल्या सरांनी किती केलं माझ्यासाठी. तेही खरंच आहे. पण —

पण माझ्या वर्गातली सुगंधा माझ्यापेक्षा हुशार होती.

ती मुरबाडची, सिद्धगडाखालच्या गावातली, मी शहापूरचा. शेवटच्या वर्षी सरांनी आम्हाला पार्सर जनरेटर शिकवलं. एका फाइलीत आपण भाषेचे नियम लिहायचे; ते वाचून हे साधन दुसऱ्या फाइलीत प्रोग्राम स्वतःच लिहून देतं. मी पुस्तकातला कॅल्क्युलेटर उतरवला. तिने घरच्या भाताची मापं घेतली — चार शेरांची एक पायली. 'तीन पायली दोन शेर अधिक सहा शेर' असं टाइप केलं की उत्तर यायला हवं — पाच पायली. सर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. माझ्याजवळ कधी बसले होते?

कल्याणच्या एका कंपनीला आमच्यातला एकच जण हवा होता. प्रोजेक्ट बघून निवडणार होते.

तिचे शेर पायलीत बदलत नव्हते. म्हणून ती त्या दुसऱ्या फाइलीत हाताने दुरुस्त्या करत बसली — चार दिवस. आदल्याच आठवड्यात मीही तेच केलं होतं. साधन पुन्हा चालवलं, तर फाइल नव्याने लिहिली गेली आणि माझं काम पुसलं गेलं. बदलायची ती नियमांची फाइल. मला ठाऊक होतं.

तिने विचारलं, "हितंच दुरुस्त केलं तर चालंल ना रे?"

"चालंल गो. न चालायला काय झालं?"

कंपनीचे साहेब म्हणाले, सुरुवातीपासून करून दाखव. तिने साधन चालवलं. उत्तर आलं — तीन पायली आठ शेर. "काल बरोबर येत होतं, सर," एवढंच ती म्हणाली.

नोकरी मला लागली. गरज होती, असं म्हणू? गरज तिलाही होती. मला सुगंधा मागे पडायला हवी होती.

आता ती मुरबाडला संगणकाचा क्लास चालवते. मागच्या महिन्यात तिने मला पाहुणा म्हणून बोलावलं, शाल दिली. मुलांना म्हणाली, "तयार झालेल्या फाइलीला हात लावायचा नाय. मी लावला होता. सांगणारं कुणी नव्हतं तेव्हा आमाला. नाय रे?"

मी हो म्हणून मान हलवली. शाल अंगावरच होती.