आधी तू टोचून घे

आमच्या कुरणावर घरचा माणूस घोडीच्या दुधाच्या वाटीतला पहिला घोट स्वतः पितो, विष नाही हे दाखवायला, आणि मगच पाहुण्याला देतो. माझी धाकटी भावजय बूसारा तर ही रीत औषधालाही लावणारी बाई!

मागच्या उन्हाळ्यात ती महिनाभरात निम्मी झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन टोचलं नाही तर जगणार नाही. नर्स कालिपा घोड्यावरून सुया आणि इन्सुलिनची बाटली घेऊन वर आली. बूसारानं बाटली उजेडात धरली, उलटी केली, हुंगली.

"पाण्यासारखं दिसतंय. आधी तू टोचून घे."

"मला नाही चालत, ताई. मी चक्कर येऊन पडेन."

"ऐकलंत?" बूसारा माझ्या भावाकडे, सूयुनकडे वळली. "स्वतः पीत नाही आणि मला पाजतेय!"

संशय खोटा म्हणावा तर मलाही तेव्हा कालिपाची नजर चोरटी वाटली. पण पोरगी हुशार. म्हणाली, "आई मेलेल्या शिंगराला दुसऱ्या घोडीचं दूध पाजता ना? पोट भरलेल्याला तेच पाजलंत तर?"

"हगवण लागेल."

"झालं तर! माझ्या अंगात हे आपोआप तयार होतं. तुमच्यात आटलंय."

बूसारानं बाटली खाली ठेवली. "मग नुसती सुई टोच. कोरडी. टोचताना मला तुझं तोंड बघायचंय."

कालिपानं नवी सुई काढून स्वतःच्या पोटात टोचली. बूसारा तिच्या पापण्या मोजत बसली होती. मग कुठं तिनं आपला सदरा वर केला.

दुसऱ्या दिवशी कालिपा खाली गेली. बूसारा सुईला हातच लावेना. "तिनं बाटली बदलली असेल तर?" सूयुननं कोरडी सुई उचलली आणि आधी स्वतःला टोचली. तेव्हापासून रोज सकाळी तो आधी, मग ती. तरी कुरकुर आहेच. "तुमची सुई बारीक आहे, माझी जाड."

परवा मी गेलो तेव्हा सूयुन घोड्या शोधायला डोंगरापलीकडे गेला होता. बूसारा सुई पुढ्यात घेऊन एकटीच बसलेली, घामाघूम. तीस वर्षांत या बाईनं थोरल्या दिरापुढं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"बघत काय बसलाय, भाऊजी? सदरा वर करा."

केला बापड्यानं!