पहिल्या पेल्याचा मान

आमच्या प्रयोगशाळेत फळाच्या रसाची ताकद रंग उडण्यावरून ठरते. गडद जांभळ्या द्रावणात रसाचे थोडे थेंब टाकायचे, नळी अंधारात ठेवायची आणि काही वेळानं रंग किती उरला ते यंत्राला विचारायचं. रंग जितका उडेल तितका रस अँटिऑक्सिडंट. ही ताकद फळात ज्यांच्यामुळे येते ते फ्लॅवोनॉइड मोजायची तऱ्हा उलटी, तिथं पिवळा रंग जितका गडद चढेल तितकं चांगलं. सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी कैक वर्षं हे शिकवतो आहे. शिकलेल्यांपैकी निम्मे पुढे बँकेत लागतात, त्यामुळे विज्ञानाचं फारसं नुकसान होत नाही.

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ तुतीच्या रसाच्या बाटल्या घेऊन आला. उंब्रजजवळ त्याचं उसाचं रान आहे. आधी त्यानं रेशीमकिड्यांसाठी तुती लावली. किडे रोग पडून मेले, तेव्हा मोठ्या फळांची तुती लावली आणि रानाच्या कडेला रस भरायची शेड उभारली. बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ असं छापून झालं होतं. खजिना आहे की नाही, एवढंच बघायचं राहिलं होतं.

“आण्णांची तब्येत?” मी विचारलं. आण्णा म्हणजे त्याचे वडील, माझे मामा. फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, जुन्या दम्याचे रोगी. सदऱ्याच्या खिशात पंप कायम.

“खोकला वाढलाय गड्या. डॉक्टरनं औषध वाढवलं, तरी रात्रीचं उठून बसत्यात. पर मी बी सोडत न्हाई. कारखान्यातला पहिला रस निघाल्यापास्नं रोज सकाळी गेलासभर देतोय. ताकद याया पायजे का न्हाई?”

मला तेव्हा त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही.

बाटल्यांबरोबर त्यानं बर्फात घालून ताजी तुतीही आणली होती. तिचा रस मी स्वतः काढला आणि दोन्ही रस शेजारी शेजारी तपासायला घेतले. ताज्या रसाचं सगळं ठीक होतं. पिवळा रंग चांगला चढला, जांभळा हळूहळू, रीतीनं उडाला. बाटलीतल्या रसात पिवळा जेमतेम उमटला, म्हणजे फ्लॅवोनॉइड बेताचे. असं असताना जांभळा रंगही बेतानं उडायला हवा. पण थेंब पडला आणि मी नळी हलवायच्या आत रंग गेला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गेला. फळ असं वागत नाही. फळाला वेळ लागतो.

मी बाटलीतला रस थोडा कोमट करून हुंगला. काडेपेटीतली काडी ओढल्यावर येतो तो गंधकाचा वास आला.

भावाला फोन लावला. मागं मांडव घालणाऱ्यांची ठोकाठोक चालली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी रसाच्या शेडचं उद्घाटन होतं.

“रस टिकायची पावडर किती घालता?”

“त्ये आपला गुळव्या बघतोय की. हात बसलेला हाय त्याचा.”

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळात रस शिजवणारा. आमच्याकडे गुळाला पिवळा रंग यावा म्हणून रसाच्या मोठ्या कढईत, काहिलीत, गंधकाची पांढरी पावडर टाकतात, तीही मुठीनं, अंदाजानं. आपण गिऱ्हाइकं पिवळीधमक ढेप बघून खूश होतो, त्यामुळे मूठ दरवर्षी थोडी सैल होत जाते. या माणसाचा हात काहिलीवर बसलेला. काहिलीपुढं रसाचं पातेलं ते केवढं, पण पावडर पांढरीच होती आणि मूठ तीच होती.

“तुझ्या रसाचा आकडा जास्त आलाय, पण तो तुतीचा नाही, पावडरीचा आहे,” मी म्हणालो.

“जास्त आलाय न्हवं? मग झालं की!”

“अरे, दम्याच्या माणसाचा श्वास कोंडतो त्यानं. आण्णांचा रस आजपासून बंद कर.”

“उद्या पहिल्या गेलासाचा मान त्यांचाच हाय, दादा. पत्रिकेत छापलंय.”

सकाळी मी पोचलो तोवर मामांना फेटा बांधून व्यासपीठावर बसवलं होतं. प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि मग आपल्याला घाई आहे असं सांगून सविस्तर बोलू लागले. मी मागून जाऊन मामांच्या कानाशी वाकलो. खोकला का वाढला ते सांगितलं, पेला नुसता ओठाला लावा म्हणालो. ते ऐकत होते. बोलायच्या आधी त्यांना श्वास गोळा करावा लागत होता.

“पोरानं सगळा गाव गोळा केलाय,” ते म्हणाले. “बापच पीत न्हाई म्हटल्यावर कोन पील रं? पंप हाय खिशात.”

त्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर पेला रिकामा केला. फौजी माणूस, अर्धं काही ठेवलं नाही. टाळ्या झाल्या.

पाहुणे पुन्हा माइकपाशी गेले. अँटिऑक्सिडंट म्हणजे शरीरातला ऑक्सिजन वाढवणारी वस्तू, असं त्यांनी सांगितलं. मामांचा हात खिशात गेला. पंप एकदा ओढला, परत ओढला. मान पुढं आली, खांदे वर चढले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पहिल्या रांगेला तो ऐकू येत होता. पाहुण्यांना नव्हता, माइक त्यांच्याकडे होता.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. कराडला पोचेपर्यंत ओठ निळसर झाले होते. भाऊ सारखा “आण्णा, आण्णा” करत होता आणि ते हातानंच त्याला गप्प बसायला सांगत होते.

दवाखान्यात मास्क लावला, सुया टोचल्या. बऱ्याच वेळानं शिट्टी बारीक झाली. डॉक्टर म्हणाले, आजचा धोका टळला. मामांनी डोळे उघडले, मास्क बाजूला केला आणि मुलाला विचारलं, “पेट्या?”

भावाचा चेहरा उतरला. आलेल्या प्रत्येकाला घरी न्यायला बाटल्यांची पेटी ठेवली होती. कार्यक्रम आमच्यावाचून नीट पार पडला असणार.

तो व्हरांड्यात जाऊन फोन लावत बसला. मी शेजारी उभा होतो. पहिला फोन एका भावकीतल्या घरी लागला. त्यानं खाकरून सुरुवात केली. “काकी, पेटी मिळाली न्हवं? ती अजून उघडू नगा...”

“आरं, उघडली की कवाच!” पलीकडून मोठा, आनंदी आवाज आला. “सासूबाईंनी लगेच गेलासभर घेतला. आता दुसरा मागत्यात.”

“त्यास्नी दमा हाय का, काकी?”

“व्हय की. म्हणून तर दिला.”