काचेमागचे देव
वरणभातावर साजूक तूप पडलं की त्या वासाने मला अबुधाबीतलं एक प्रदर्शन आठवतं. आई तेव्हा आमच्याकडे शारजात राहायला आली होती. एका काचेमागे रोमन लोकांचे वीतभर उंचीचे दोन काशाचे देव ठेवले होते. पाटी वाचून मुलगी म्हणाली, “आजी, दे केप्ट देम ॲट होम! जेवणाआधी ह्यांना फूड द्यायचे.” आई हरखली. “म्हणजे नैवेद्यच की गं!” मग तिथेच थांबून तिने मला विचारलं, “आपल्या पूर्वजांचे चांदीचे टाक विमानातून आणू देतात का रे?” “देतात. सगळे मिळून पाव किलोही भरणार नाहीत. पण आम्ही दोघं सातला घर सोडतो, पूजा कोण करणार?” “तेही खरंच,” म्हणत ती पुढच्या दालनात गेली. हा विषय तिने पुन्हा काढला नाही. ती टाक माझ्याकडे सोपवू पाहत होती, हे मला ती गेल्यावर कळलं. आता ते गावच्या देवळात आहेत, पूजा रोज होते. त्यांतले माझे आजोबा कोणते, हे मात्र पुजाऱ्याला ठाऊक नाही, आणि आईला विचारून घ्यायचं माझंही राहून गेलं.