तिसरी हाक

दुष्काळ सरल्यानंतर कुरुंद्याजवळच्या एका खेड्यात मी बालवाडी चालवायची. जुनी चावडी, तिला दोन दारं. पुढचं रस्त्यावर उघडायचं, मागचं बारवेकडे. दुष्काळात बारवेचा तळ दिसला होता. आता ती वरच्या पायऱ्यांपर्यंत भरली होती, पाणी हिरवं आणि न हलणारं. रोज सकाळी मी आधी मागच्या दाराची कडी बघायची, मग लेकरांची नखं.

नखं झाली की गाणं. मग ज्वारीतून तुरीचे दाणे वेचायचे, एका तांब्यातलं पाणी न सांडता दुसऱ्यात ओतायचं. खाऊ झाला की शेवटी शांततेचा खेळ. हा मी परभणीच्या प्रशिक्षणात शिकले होते आणि नव्या नवरीनं दागिने मिरवावेत तसा मिरवायची. लेकरांनी डोळे मिटून बसायचं. मी पुढच्या दाराआडून एकेकाचं नाव कुजबुजायची. ज्याचं नाव, त्यानं पाय न वाजवता माझ्याकडे यायचं. हाक एकदाच. दोनदा मारली की लेकरू पहिली ऐकायचं सोडून देतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मला ते पटलेलं होतं.

तांड्यावरची एक चार वर्षांची पोरगी मात्र पहिल्या हाकेला उठायची नाही. बाकी सगळ्यात चलाख. नाव घेतलं की पापण्या थरथरायच्या, म्हणजे ऐकू यायचं, पण बूड हलायचं नाही. तिची आजी न्यायला आली तेव्हा मी विषय काढला.

"म्याच शिकवलंय तिला," म्हातारी म्हणाली. "भर दुपारी मानूस दिसत न्हाई अन् हाक येती. तीन हाका झाल्याबिगर उठायचं न्हाई. तुमी तीनदा बलवा."

"काहून तीनदा?"

"एकदा कोनीबी हाक मारतंय, बाई. तिसरी मानसाचीच असती."

मला हसू आलं आणि रागही आला. एवढं गोड लेकरू असल्या भाकडकथांनी बांधून ठेवलेलं! मी हट्टाला पेटले. रोज तिचं नाव शेवटी घ्यायची, एकदाच, आणि वाट बघत राहायची. होळीच्या आसपास एक दिवस ती उठली. पहिल्याच हाकेला, पाय न वाजवता, डोळे चमकवत आली. मला आभाळ ठेंगणं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. गावात हळद शिजत होती. उकाडा फार, म्हणून मी मागचं दार उघडं ठेवलं होतं. खेळाची वेळ झाली, मी पुढच्या दाराआड गेले. पहिली हाक मारायच्या आधी मी नेहमी शांतता मुरू द्यायची. त्या दिवशी ती फारच लवकर मुरली. रस्त्यावरचं काहीच ऐकू येईना. मी आत डोकावले. लेकरं डोळे मिटून बसली होती. तिची जागा रिकामी होती.

"कुठं गेली रे ती?"

एकानं डोळे न उघडताच सांगितलं, "तुमीच बलावलं न बाई तिला, आत्ता."

बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मागच्या दाराशी पोचले तेव्हा ती बारवेच्या पायऱ्या उतरत होती, मी शिकवलं होतं तशीच, पाय न वाजवता. घोटे पाण्यात गेले होते. धावले असते तर ती दचकून पुढे पडली असती. मी तिचं नाव घेतलं. ती थांबली, पण वळली नाही. पाण्याकडे मान कलती करून ऐकत राहिली. मी पुन्हा नाव घेतलं. तिनं पुढचं पाऊल उचललं आणि तसंच धरून ठेवलं. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला.

ती वळली. पायऱ्या चढून आली, माझा पदर धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई, तुमी तर इथं हाव. मंग खालून बलावलं ते कोन?"

मी तिला उचलून आत नेलं आणि मागच्या दाराला कडी घातली. शांततेचा खेळ मी पुढेही घेतला, पण तीन हाकांनी. आता वय झालंय, दुपारी डोळा लागतो. कधी कधी मागच्या खोलीतून कुणीतरी माझं नाव कुजबुजतं, एकदाच. मी ओ देत नाही. दुसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहते.